सदुसष्ट लाल धागे

वरची वाडी, ता. वेल्हे
गुरुवार, २५ सप्टेंबर

प्रिय नूतनताई,

मेसेजखाली दोन निळ्या खुणा बघून तू म्हणाली असशील, या बयेनं वाचलंय तर खरं, मग उत्तर द्यायला हिच्या हाताला काय मेंदी लागलीय? वाचला गं बाई, परवाच वाचला. पठाराच्या टोकाच्या दगडावर एका पायावर उभं राहिलं की रेंज येते हे तुला माहितेय, तर त्या दगडावर उभी राहून चार वेळा वाचला. अहवाल सोमवारी छापायला जाणार, पहिल्या पानावर तुझ्या नावाखाली माझं नाव येणार, ढेबे बरोबर लिहिलंय का ते बघ आणि फक्त 'हो' कळव, असं तू लिहिलंयस. ते 'हो' मी अजून दिलेलं नाही. माझं नाव तिथं जावं की नाही, आणि अहवाल तरी सोमवारी छापायला जावा की नाही, हे या पत्रावर आहे. म्हणून सगळं नीट वाच. कुठलंही पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान उघडायची तुझी खोड मला ठाऊक आहे, ती आजच्या दिवस बाजूला ठेव.

आधी आनंदाचं सांगते, कारण आनंद झाला हे खोटं नाही. मेसेजमधला तो पानाचा फोटो मी दत्ताला दाखवला. त्यानं तो मोठा करून बघितला, बारीक करून बघितला आणि मग म्हणाला, तुज्या नावामधी नवऱ्याचं म्हनून माझं नाव कशाला घातलं, म्या तर फक्त बकऱ्या राखल्या. पण त्या दिवशी वाडीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन तो सांगून आला. सासूबाईंनी विचारलं, छापलंय म्हंजी रेशनकार्डावर का? मी म्हटलं, न्हाई, पुस्तकावर. तर म्हणाल्या, मग धान्य मिळायचं न्हाई त्याच्यावर. तुला हसू येईल, पण ते पान मी परत परत उघडून बघितलं. बारावीला जीवशास्त्रात मला शंभरात चौदा मार्क पडले होते. निकाल लागला त्या महिन्यातच माझं लग्न ठरलं. भोरच्या कॉलेजातल्या बाई म्हणाल्या होत्या, वर्षाराणी, तुला बेडकाचं हृदय आणि बेडूक यातला फरक कळत नाही. त्यांना हे पान दाखवावंसं वाटलं, देवाशपथ वाटलं.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो का? गेल्या वर्षीचा श्रावण. सकाळपासून झड लागलेली, आणि तू त्या निळ्या रेनकोटात गुडघाभर चिखलातनं वर आलीस. सासूबाईंना वाटलं, संडासाच्या योजनेची मोजणी करायला कुणी बाई आली. त्यांनी तुला दारातच सांगून टाकलं, आमाला नको, आमचं बरं चाललंय. तू म्हणालीस, आजी, मी खरपुडी बघायला आलेय. त्यावर त्या अशा काही हसल्या की तपकीर नाकात जायची ती डोळ्यात गेली. खरपुडी बघायला! आम्ही खरपुडी खातो गं. पावसाळ्यात बकऱ्यांमागं फिरताना पोटात भूक पडली की काठीनं टोकरायचं, खालचा कांदा पुसायचा, दातानं साल काढायची आणि कुडूम कुडूम खायचा. त्यासाठी भोंगवलीहून दोन एसट्या बदलून कुणी येतं, हे आमच्या डोक्यात बसेना. तू चार दिवसांसाठी म्हणून आलीस आणि तीन आठवडे राहिलीस. नाचणीची भाकरी पहिल्या दिवशी तुझ्या घशाखाली उतरेना, शेवटच्या दिवशी तू दुसरी मागून घेतलीस. मॅडम म्हटलं की तू चिडायचीस. ताई म्हण आणि अगंतुगं कर, नाहीतर मी उद्यापासून तुला वहिनीसाहेब म्हणेन, अशी धमकी दिली होतीस. मी घाबरले, कारण तू खरंच म्हटलं असतंस.

आम्हाला सगळी एकच खरपुडी. तू त्यातल्या दोन वेगळ्या करून दाखवल्यास. त्यांची ती लांबलचक लॅटिन नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणू लागले, आणि तूही मग वहीत तसंच लिहायला लागलीस. दोन्ही वेली कारवीच्या काडीवर नाहीतर गवतावर वळसे घेत चढणाऱ्या, पानं सारखी, कळी सारखी. फरक फूल उमलल्यावरच कळायचा. फूल म्हणजे उभा धरलेला बारीकसा कंदील. थोरलीच्या कंदिलाच्या माथ्यावर पाच पाकळ्या बोटं जुळवल्यासारख्या नुसत्या टेकलेल्या. धाकटीच्या पाकळ्यांची टोकं एकमेकींभोवती पिळलेली, आणि त्यांना काळी बारीक लव, वाऱ्यानं थरथरणारी. थोरली आमच्या पठारावर पायलीला पन्नास. धाकटी मात्र जगात मोजक्याच डोंगरांवर आहे आणि त्यातला एक डोंगर आमचा, असं तू सांगितलंस तेव्हा मला पहिल्यांदा थोडी भीती वाटली. इतक्या वर्षांत आमच्या पोटात किती धाकट्या गेल्या असतील कोण जाणे.

पहिल्या दिवशी तू दहा फुलं दाखवलीस आणि मी सहा चुकले. तू हसली नाहीस, उत्तरही सांगितलं नाहीस. गळ्यातलं भिंग काढून माझ्या गळ्यात घातलंस, पेन्सिल दिलीस आणि म्हणालीस, चित्र काढ. मी म्हटलं, मला चित्रकला येत नाही. तू म्हणालीस, मला चित्र नको आहे, तू काय बघितलंस ते हवं आहे. माझं पहिलं चित्र बघून दत्ता म्हणाला होता, ही बाटली कशाची? पण सातवं-आठवं काढताना माझा हातच थांबला, कारण लव दिसली. ती आधीही तिथंच होती की गं, मीच बघितली नव्हती. मग तू एक कोमेजलेलं फूल उभं चिरून दाखवलंस आणि आतनं चिलटं बाहेर पडली. नळीत खाली वळलेले केस असतात, चिलट आत जातं पण वर येऊ शकत नाही, एखाद दिवसानं केस सुकले की सुटतं आणि जाताना पराग घेऊन जातं, हे तू सांगितलंस. मी त्या संध्याकाळी चुलीपुढं बसून सासूबाईंना ते सगळं परत सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हंजी फुलानं चिलटाला घरजावई केलं म्हन. ताई, लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या घरात मी काही सांगतेय आणि बाकीचे ऐकतायत असं पहिल्यांदा घडत होतं. यासाठी मी तुझे आभार कधी मानलेच नाहीत. आज मानते.

आता खरं सांगायला घेते. तू धाकटीला खूण म्हणून लाल लोकर बांधायचीस. पत्र्याच्या पट्ट्या आणल्या होत्यास, पण त्या आमच्या बकऱ्यांनी चाटून चाटून पाडल्या, मग भोरच्या बाजारातनं तू स्वेटरच्या लोकरीचा गुंडा आणलास. फुलं एकदम येत नाहीत, रोज दोनचार उमलतात, म्हणून जशी उमलेल तशी बांधत जायचं आणि शेवटी शेंगा धरल्या की धागे मोजायचे, असं ठरलं. तुझे पंधरा बांधून झाले आणि भोंगवलीहून निरोप आला, तुझे वडील गोठ्यात घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. तू त्याच पावसात निघालीस. निघताना तो गुंडा माझ्या हातात दिलास, वही दिलीस आणि म्हणालीस, राहिलेल्या तू बांध, फूल डोळ्यानं बघितल्याशिवाय एकही बांधू नकोस, आणि रोजच्या रोज लिही. मी किती मोठी झाले म्हणून सांगू त्या क्षणी! पडवीत दळण सांडलं होतं, ते भरायचं सोडून मी तू दिसेनाशी होईपर्यंत गुंडा छातीशी धरून उभी होते. पुढच्या सहा दिवसांत मी अकरा बांधल्या. फूल बघून, भिंगातनं लव बघून, चित्र काढून.

सातव्या दिवशी वाडीत लाळ्या खुरकूत आली. तू तेव्हा दवाखान्यात बसलेली, तुला काय कळणार. बकऱ्यांच्या तोंडातनं तारा सुटल्या, खुरांत फोड आले, चालेनात. खालच्या वळणावर दरड आली होती, जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणाले, रस्ता मोकळा झाला की त्या मिनिटाला येतो. तोवर आमची चार करडं गेली. पाचव्याला मी मांडीवर घेऊन बोटानं दूध चाटवत होते, तर ते माझ्या बोटाला तोंड लावायचं आणि सोडून द्यायचं. आमच्याकडं शेत म्हणायला ओंजळभर, जे काय आहे ते या बकऱ्या. आणि आमच्याकडं एक रीत आहे, ती तुला कुणी सांगितली नसेल. जनावराला रोग आला की घरातल्या बाईनं पठारावरच्या वाघजाई देवीच्या ठाण्याजवळच्या हिरव्या झाडाला लोकरीचा धागा बांधायचा आणि बोलायचं, आई, माझ्या दावणीला हात लावू नको. तो धागा परत सोडायचा नाही. सोडला की रोग माघारी येतो. मी त्या दुपारी घरातली लोकर शोधली, मिळाली नाही. तुझा गुंडा खुंटीला टांगलेला होता. ठाण्याजवळ सगळ्यात पहिली हिरवी वेल दिसली ती थोरली होती. मला चांगलं माहीत होतं ती थोरली आहे. मला हेही माहीत होतं की त्या लाल धाग्याचा पठारावर दुसरा अर्थ ठरलाय आणि तो आपण दोघींनीच ठरवलाय. तरी मी बांधला. करडाचं तोंड माझ्या बोटांना अजून जाणवत होतं, ताई. मी विचार केला, एकच तर आहे, लक्षात ठेवीन.

दुसऱ्या दिवशी तिथं नऊ धागे होते. तिसऱ्या दिवशी मोजायचं मी सोडून दिलं. वाडीतल्या सगळ्या बाया, खालच्या वस्तीतल्या दोघीतिघी, सगळ्यांनी बांधले, आणि झाड कुठलं तर खरपुडीच, कारण पठारभर आपले सव्वीस धागे त्यांना आधीच दिसत होते. गुंडा खुंटीवरनं कोण घेऊन जातंय आणि परत आणून ठेवतंय याकडं मी बघितलंच नाही. खरं तर बघितलं आणि तोंड फिरवलं. रोग आल्यापासून आठव्या दिवशी दरड निघाली, डॉक्टर आले, औषधं दिली, खुरं धुवायला लावली, आणि रोग ओसरला. सासूबाईंच्या मतानं वाघजाईनं ओसरवला, डॉक्टरांच्या मतानं औषधानं. ते पाचवं करडू वाचलं एवढं मला पुरे होतं. वहीत मी अकराच्या पुढं काहीच लिहिलं नाही.

मग तू आलीस, दिवाळीच्या आधी आठ दिवस. फुलं कधीच संपली होती, वेलींवर जोडीजोडीनं शेंगा लटकत होत्या, आणि शेंगांवरनं थोरली-धाकटी ओळखायला तुलाही अवघड. पावसानं लोकर आटून सगळ्या गाठी एकसारख्या झाल्या होत्या. तू मोजत गेलीस. चाळीस झाल्यावर तुझा आवाज चढला. सदुसष्ट झाल्यावर तू माझे दोन्ही हात धरून गोल फिरलीस, तिथंच, गवतात, आणि तुझा बूट निघून पडला. तू म्हणालीस, वर्षा, आम्हाला वाटत होतं इथं वीस-पंचवीस असतील गं! मग तुझ्यातली शिकलेली बाई जागी झाली आणि तू एकदाच, नीट, माझ्याकडं बघून विचारलंस, हे सगळे तू फूल बघून बांधलेस ना? आणि मी म्हणाले, व्हय. वही मागितलीस तर म्हणाले, बकरीनं खाल्ली. तू हसलीस, कारण आमच्या बकऱ्यांनी तुझा रुमाल आणि अर्धी चप्पल खरंच खाल्ली होती. वही माझ्या पेटीत साड्यांच्या खाली होती. मी का बोलले नाही, ते मी स्वतःला हजारदा विचारलं. धागे सोडायला लागतील आणि सासूबाई घर डोक्यावर घेतील ही भीती होती, नाही असं नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तुझ्या तोंडावर जो आनंद होता तो माझ्यामुळं होता, आणि माझ्यामुळं कुणाला इतका आनंद झालेला मी कधी बघितला नव्हता. तो मला सोडवेना.

त्यानंतर वर्षभर तू मला कामाचं माणूस केलंस. दर महिन्याला पठाराचे फोटो, पावसाची नोंद, कुठं वणवा गेला, कुठं गुरं बसली, सगळं तू माझ्याकडनं घेतलंस आणि माझ्या प्रत्येक ओळीवर विश्वास ठेवलास. कवळ्याची पिवळी फुलंसुद्धा मी आता चार प्रकारची वेगळी सांगते, तेरड्यातला फरक सांगते. मोजणीचा विषय मात्र निघाला की मी रेंज गेल्याचं नाटक करायचे. परवा तुझ्या अहवालाचा फोटो आला त्यात माझ्या नावाच्या खाली एक ओळ होती. या पठारावर धाकटी चांगल्या संख्येनं आहे आणि सध्या तिला वेगळ्या संरक्षणाची गरज दिसत नाही. दगडावर उभी राहून चार वेळा वाचला म्हटलं, तो या ओळीसाठी. माझ्या एका व्हयवर तू ते वाक्य उभं केलंस. ते वाचून उद्या कुणीही म्हणेल, आहेत की भरपूर, टोकरून खाल्ल्या तर काय बिघडलं.

मंगळवारी मी सासूबाईंना सगळं सांगितलं. घट बसलेत, त्यांचा उपास, म्हटलं आता ऐकवतील. मी खाली मान घालून बोलले की पहिला धागा माझा होता, नवसाचा, आणि मला ठाऊक असून मी तो तिथं बांधला, आणि तुम्ही सगळ्यांनी न कळता माझ्यामागून बांधले. त्या म्हणाल्या, न कळता कशाला? म्या तुला बांधताना बगितलं व्हतं. म्या तर त्या धाग्यांचं समदं सोडूनच दिल्यालं, माज्या आईच्या वक्ताचं त्ये. पर म्हनलं, ही शिकल्याली, भिंगातनं बगनारी, हिला ठावं आसंल म्हनून तर बांधतीया. तुज्यावर इस्वास ठिवून बांधला म्या, आन मीच बाकीच्यांना सांगितलं. ताई, मला वाटत होतं मी अडाण्यांच्या रीतीत सापडले. तसं नव्हतंच. अख्खी वाडी माझ्या शिक्षणाच्या मागून चालत आली होती. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, हे सोसेना. मी भडाभडा रडले. त्यांनी रडू दिलं, आणि मग म्हणाल्या, रडून झालं आसंल तर ऊठ, फुलं हायती तवर मोजून घिऊ.

गेल्या वर्षीचे धागे आता कुठंच नाहीत. वेली सुकून गेल्या तेव्हा बरेच मातीत गेले आणि राहिलेले आमच्या बकऱ्यांनीच खाऊन टाकले. काल आणि आज आम्ही दोघी सकाळपासून पठारावर होतो. सासूबाई पुढं काठीनं गवत बाजूला करत, मी मागून भिंग घेऊन. त्यांची कटकट अखंड चालू होती, उपासाचं अंग हाय, गुडगं गेलं, ही का मोजायची वस्तू हाय, पण एक वेल त्यांनी सुटू दिली नाही. एका वेलीवर मी पटकन धाकटी म्हणाले, तर त्यांनी काठी आडवी घालून मला परत बघायला लावलं, आणि ती थोरलीच निघाली. प्रत्येकीचं चित्र काढलंय, प्रत्येकीचा फोटो आहे. पेटीतली ती जुनी वहीही सोबत पाठवतेय, त्यात माझ्या अकरा खऱ्या नोंदी आहेत. तुझ्या पंधरा आणि माझ्या अकरा धरल्या तर गेल्या वर्षी आपण खात्रीनं बघितलेल्या सव्वीस. यंदा फुललेल्या धाकट्या आम्हाला मिळाल्या त्या तेवीस. तीन ठिकाणी टोकरलेले ताजे खड्डे होते. ते कुणी खणले मला माहीत नाही, पण भरपूर आहेत असं समजूनच कुणीतरी खणले असणार.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा आवाज ऐकला की मी परत व्हय म्हणेन अशी मला माझीच भीती आहे, म्हणून लिहिलं. दत्ता उद्या पहाटे मोटरसायकलवरनं नसरापूर, किकवी करत भोंगवलीला येईल आणि पत्र तुझ्याच हातात देईल. तू त्याच्यावर चिडू नकोस, त्याला चहा दे, चिडायचं ते माझ्यावर. तुला सोमवारी छपाई थांबवावी लागेल, वरच्यांची बोलणी खावी लागतील, वर्षाची मेहनत माझ्यामुळं अडकेल, हे सगळं मला कळतं. त्याबद्दल माफी मागते. पण माफीपेक्षा आभार जास्त आहेत माझ्याजवळ, आणि हे पत्र खरं म्हणजे त्यासाठीच आहे. तू मला इतकं नीट बघायला शिकवलंस, की माझं खोटं मलाच खपेना. चौदा मार्कांची वर्षाराणी असते तर सदुसष्टवर खुशाल नाव लावून मिरवले असते. म्हणून माझं नाव काढू नकोस, एवढंच मागते. राहू दे ते तुझ्या नावाखाली, पण तेवीसच्या अहवालावर, आणि त्यात स्वच्छ लिही की आधीची मोजणी वर्षाराणी ढेबे हिच्या चुकीमुळं फसली होती आणि तिनंच ती परत केली. मात्र आता माझ्या शब्दावर एक आकडाही लिहू नकोस. ये, आणि तुझ्या डोळ्यांनी बघ. फुलं दसऱ्यापर्यंत टिकतील, तोवर आम्ही दोघी पठारावर बकऱ्या चढू देत नाही.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
तुझीच
वर्षाराणी